विहिरीत पहिला कोण उतरला

होटगीजवळच्या आमच्या शाळेला लागूनच बाप्टिस्ट मंडळीचं कौलारू चर्च आहे. तिथं झाडलोट करणारे म्हातारे गृहस्थ मला रोज भेटायचे. बाक पुसताना त्यावर पूर्वी कोण बसायचं, त्याचं नाव ते घ्यायचे. मागच्या विहिरीत उतरून, बुडी घेऊन कुणाकुणाचा बाप्तिस्मा झाला, त्यापायी कुणाला घर सोडावं लागलं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मंडळीची जुनी नोंदवही वाळवीनं कधीच खाल्ली होती.

"गुरुजी, तुमी लिवून घ्या की. माझ्यामागं कोन सांगनार?"

"पुढच्या रविवारी नक्की," मी म्हणायचो. असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं गेलं, एकच शब्द उरला. मी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते धडपडत उठून बसले.

"विहिरीत पहिला उतरला तो सुतार ना?" मी विचारलं.

"व्हय."

मला शंका आली. "की कुंभार?"

"व्हय," ते तितक्याच आनंदानं म्हणाले आणि वहीवर बोट टेकवून 'लिहा, लिहा' अशी खूण करू लागले.

मी मान खाली घातली आणि लिहीत असल्यासारखं केलं.