मदनलालशेटचा फसलेला उपवास

अक्कलकुव्याच्या बाजारात मदनलालशेटचं कापडाचं दुकान आहे, आणि उपवासात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नाही. पर्युषणात आठ-आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहतात. पारण्याला लोक हार घालतात. त्यामुळे हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ते नंदुरबारच्या दवाखान्यात भरती झाले आणि डॉक्टरांनी "रात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही" असं बजावलं, तेव्हा शेट हसलेच. "हे तुम्ही कुणाला सांगताय?"

सकाळी मात्र ऑपरेशनची भीती वाटायला लागली. याच भीतीपोटी त्यांनी हर्नियाची गाठ कितीतरी दिवस धोतराआड लपवली होती. बायको पानीबाई आंघोळीला गेली, तसे ते पाय मोकळे करायला म्हणून खाली उतरले. फाटकाशी फाफडा तळला जात होता. कोण जाणे, हा आपला शेवटचाच फाफडा असेल, असं त्यांच्या मनात आलं. मग त्या शेवटच्याला सोबत म्हणून आणखी चार घेतले, वर चहा. परत येऊन डोळे मिटून असे पडले, की पानीबाईला वाटलं, शेट नवकार मंत्र म्हणताहेत.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर निर्मलाबाई सिस्टरनी नाव विचारलं, गाठ कुठल्या बाजूला ते विचारलं, आणि मग म्हणाल्या, "शेटजी, पोटमा काही शे का?"

"काहीच नही, ताई. आठ दिवस उपाशी ऱ्हानारा मानूस शे मी."

टेबलावर घेतल्यावर भूल देणाऱ्या हेमांगी डॉक्टरांनी तेच सगळं पुन्हा विचारलं. शेट वैतागले. "ताईंनी आत्ताच विचारलं ना? सोयरीक जमवताय का माझी?"

"विचारावंच लागतं," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "भुलीत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर माणूस हातचा जातो."

बोलावं तर अब्रू जाते, न बोलावं तर जीव. जन्म धंद्यात गेलेल्या माणसाला या सौद्याचा विचार करायला वेळ लागू नये, शेटला लागला. डॉक्टरांनी मास्क हातात घेतला तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"पोटमा फाफडा शेतस," ते पुटपुटले. "आनि चाय बी."

कोणी ओरडलं नाही. तेच जास्त झोंबलं. "बरं झालं सांगितलंत. तुमचं उद्या," एवढंच डॉक्टर म्हणाल्या, आणि शेटच्या जागी मोलगीच्या फुलीबाईला आत घ्यायला सांगितलं. तिच्या पित्ताशयात खडे होते. दारात दोघांची स्ट्रेचर समोरासमोर आली.

"झालं? दुखलं का?" तिने घाबरून विचारलं.

"नाही हो, मला नापास केलं," शेट म्हणाले. ती बिचारी उपाशीपोटीही हसली.

दुसऱ्या दिवशी पानीबाई आंघोळीला गेलीच नाही. खाटेच्या कडेला पाय रोवून बसली. टेबलावर शेटनी कोणी विचारायच्या आधीच नाव, गाव, बाजू, पोट रिकामं असल्याचं, सगळं घडाघडा सांगून टाकलं. "शेटजी, वडलांचं नाव लागत नाही," हेमांगी डॉक्टर म्हणाल्या. ऑपरेशन सुखरूप पार पडलं. फुलीबाईचंही.

आता बाजारात कुणाचं ऑपरेशन ठरलं, की तो आधी शेटकडे येतो. शेट कापड बाजूला सारून आपली फजिती रंगवून सांगतात, आणि आपण खोटं कसं बोललो तेही गाळत नाहीत. परवा शेजारच्या रूपचंदने तर ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्यांना सोबतच दवाखान्यात नेलं, आपण काही खाऊ नये म्हणून राखणीला. रूपचंद निवांत झोपला. शेट मात्र रात्रभर त्याच्या उशाशी जागे, आणि सोबत म्हणून पाण्याचा घोटही त्यांनी घेतला नाही.