कुसुमच्या गाण्याखाली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही, आणि खरं सांगू? प्रार्थनेतसुद्धा नाही. गुडघे टेकले की माझी बारीकसारीक पापं मी भराभर सांगून टाकते – वर्गातल्या पोरावर ओरडले, नणंदेला टोचून बोलले. हे एवढं सोडून. देवाला ठाऊकच आहे, मग सांगायचं कशाला? सोयीचं आहे ना?

मी महाडला शाळेत शिकवते. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत, पाळकांच्या घरी, आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी रविवारी भक्तीला जमते. पंधरा वर्षं तिथं गाणं मी धरत आले होते. मग पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतून कुसुम येऊ लागली. शेळ्या राखणारी, चौथी शिकलेली. एका रविवारी तिनं गीत धरलं आणि सगळे डोळे मिटून ऐकत राहिले. मी गाताना लोक घड्याळ बघायचे. मला तिचा राग आला – एवढं साधं आहे ते.

आमच्यातली रूथ नर्स आहे. तिनं कुसुमला मोबाईलवर व्हिडिओ टाकायला शिकवलं. डोंगरउतारावर उभी राहून कुसुम गायची, मागे शेळ्या. लोक आवडीनं बघायचे. मीही बघायचे, पुन्हा पुन्हा. मग मी एक खोटं खातं काढलं. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल लावलं, नाव दिलं मंगल. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता तिच्या गाण्याखाली लिहिलं – ‘मागची शेळी बरी गाते, तिला पुढे उभी कर.’ बारा जण हसले. त्या दिवशी डबा गोड लागला.

मग सवयच लागली. तिचे दात, तिचं ‘नाय’ आणि ‘हाय’, तिचं विटकं लुगडं – काही सोडलं नाही. आणि त्याच दिवसांत, बघा हं, रविवारच्या मुलांच्या वर्गासाठी मी एक तक्ता रंगवला : ‘जे तोंडावर बोलणार नाही, ते मोबाईलवर लिहू नये. प्रभू वाचतो.’ पाळकांनी केवढं कौतुक केलं! तो अजून भिंतीवर आहे.

इथपर्यंत थांबले असते तर? पण नाही थांबले.

कुसुमचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. सातव्या महिन्यात, सासू नको म्हणत असताना, चुकलेली शेळी शोधायला ती गुपचूप कड्याकडे गेली आणि पाय घसरून पडली. पडल्याचं तिनं घरी कधीच सांगितलं नव्हतं. पाळकांच्या स्वयंपाकघरात, चहाची भांडी विसळताना, तिनं ते दोघींनाच सांगितलं – रूथला आणि मला. मी तिला जवळ घेतलं होतं.

तिच्या एका गाण्याला खूप वाहवा मिळाली त्या दिवशी मंगलनं लिहिलं – ‘शेळीपायी पोटचं पोर घालवणारीनं देवाची गाणी म्हणू नयेत.’

वाडीनं ते वाचलं. सासूनं वाचून घेतलं. नवऱ्यानं मोबाईल काढून घेतला. रविवारी कुसुम माझ्यासमोर बसली. चेहरा असा सुजलेला, की फक्त रडल्यानं सुजत नाही.

“बाई, ही गोष्ट तुमी नि रूथताई सोडून कुनाला ठाव नाय. तुमी तर असं करनार नाय.”

आता सांगा – तेव्हा मी काय बोलायला हवं होतं? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “माणूस ओळखता येत नाही गं, कुसुम.”

एवढंच. नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही.

पुढच्या रविवारी कुसुमनं सगळ्यांदेखत रूथचा हात झिडकारला. रूथ म्हणाली, “मी नाही गं.” कुणी विश्वास ठेवला नाही. मग रूथनं माझ्याकडे पाहिलं. दोघींनाच माहीत होतं, आणि लिहिणारी ती तर नव्हती – तिला कळलं. मी गीतांचं पुस्तक उघडून पान शोधू लागले. ती उठून गेली. पुन्हा भक्तीला आली नाही. बाजारात दिसली तर मी रस्ता बदलते.

मंगलचं खातं मी पुसून टाकलं. त्याला तीन वर्षं झाली. कुसुम येते, पण गात नाही. ओठसुद्धा हलवत नाही.

गेल्या रविवारी प्रभुभोजनाआधी – मन साफ करूनच प्रभूची भाकर घ्यायची असते – ती माझ्याजवळ सरकली. “बाई, रूथताईला मी माफ केलं. रोज तिचं नाव घेऊन प्रार्थना करते. तुमी पाठीवरून हात फिरवला, म्हनून जमलं.”

मी आमेन म्हणाले. मग भाकर घेतली आणि पुढचं गीत धरलं.