मागच्या खोल्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशीही नाही. तुम्हाला सांगते आहे—का, ते विचारू नका.

माझं काम माणसं मोजायचं. म्हणजे ज्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात अशी—चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर राबणारी, आज या खोलीत तर उद्या त्या गावात. क्षयाची तपासणी करणारी गाडी कुठे आणि किती वेळा पाठवायची, हे आमच्या अंदाजावर ठरायचं. चिंचवडच्या ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना मी कायम नावं ठेवायचे. मी वस्तीत जाणारी ना!

पद्धत सोपी होती. पहिल्या फेरीत भेटेल त्याला एक लाल किचेन द्यायची. महिन्याभराने पुन्हा जाऊन विचारायचं—किचेन मिळाली होती का? बहुतेक जण हो म्हणाले, तर वस्ती लहान. नाही म्हणणारेच जास्त निघाले, तर आपल्याला न भेटलेली माणसं पुष्कळ आहेत. अट एकच—दोन्ही वेळा सगळीकडे फिरायचं.

खोल्यांची मालकीण गावातलीच, जमीन गेल्यावर खोल्या बांधलेली. सगळे तिला काकी म्हणत. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "म्याडम, मागं बी खोल्या हाईत. रातपाळीची पोरं झोपल्यात, उठवते की. आमच्या सुनंच्या हातचंच जेवत्यात समदी."

मी मागे गेलेही. बोळात भरदुपारी अंधार होता. पत्र्याच्या एका दाराआड कुणीतरी खोकत होतं—थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मग पलीकडच्या दाराआडूनही तसंच. काकीची सून, रेखा, रिकामे डबे गोळा करत त्याच दारांतून आत-बाहेर करत होती. माझ्याकडे बघून हसली.

मी तिथूनच मागे फिरले. झोपू दे त्यांना, म्हणाले. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती—असं सांगता येईल. पण मास्क माझ्या पर्समध्येच होता, नाही का? मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त किळस. 

एवढ्यावर थांबले असते, तर नुसती भित्री ठरले असते. पण महिन्याने मी पुन्हा पुढच्याच खोल्यांत गेले—मुद्दाम, आधी किचेन दिलेल्या त्याच पोरांकडे. जवळजवळ सगळ्यांकडे लाल किचेन. हिशेब कसा छान जुळला! वस्ती लहान निघाली. दोन्ही वेळा सगळीकडे फिरलात ना, ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं. हो, म्हणाले. तपासणीची गाडी दुसऱ्या गावाला गेली. तेव्हा तरी एक फोन करता आला नसता? आला असता. मी केला नाही.

रेखा पुढच्या वर्षी गेली. क्षय सापडला तोवर फार उशीर झाला होता.

मी भेटायला गेले होते. कशाला गेले, देव जाणे. काकीने मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसली. म्हणाली, "तुमी तरी इचारपूस कराया आला व्हता. बाकी कोन येतंय आमच्याकडं?"

मी मान डोलावली. तिने चहा टाकला, आणि मी तो प्याले.