सुकदेवचा स्तर

आमच्या गावच्या सुकदेवला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. लोकांनी आपल्याला विचारून पुढं जावं. लग्नात तो वाढायला कधी नसायचा, जेवायला सगळ्यांच्या आधी असायचा. मधल्या वेळात मांडवाच्या तोंडाशी उभं राहून पाहुण्यांना "थांबा, अजून पंगत उठली नाही" म्हणायचं काम मात्र तो कुणी न सांगता करायचा. ग्रामपंचायतीला उभा राहिला, तर घरची मतंसुद्धा पुरती पडली नाहीत. असा हा रिकामटेकडा माणूस गिरणेच्या पुरानं मोठा केला.

पाणी नदीकाठच्या गल्ल्यांत शिरलं, माणसं शाळेत आली आणि वरून आदेश सुटायला लागले. जिल्ह्यानं आपत्तीचे अधिकार तालुक्याला दिले, तालुक्यानं गावच्या समितीला दिले. समितीतले शहाणे लोक आपापली शेतं वाचवायला पळालेले, त्यामुळे अधिकार घरंगळत सुकदेवपाशी येऊन थांबले. त्याला पिवळं जॅकेट मिळालं, शिट्टी मिळाली आणि नाल्यावरच्या पुलाला आडवी बांधायला दोरी मिळाली. पूर बघायला गर्दी होते म्हणून जमावबंदी लावली होती. पाच माणसांनी एकत्र यायचं नाही. हेतू चांगलाच असेल. सुकदेवच्या हाती पडल्यावर त्याचं काय झालं, ते आम्ही भोगलं.

जॅकेट अंगावर चढल्यापासून तो अहिराणी बोलेनासा झाला. बायकोला म्हणे विचारायचा, "भोजन उपलब्ध आहे का?" पहिल्याच दिवशी मेलेल्या शेळ्या ओढायला गेलेल्या एका भावकीला त्यानं पोलिसांच्या ताब्यात दिलं. जमाव म्हणून त्यांच्यावर केस लागली. त्यानंतर दोरी ओलांडायची कुणाची छाती होईना, आणि हा गडी चहासुद्धा पुलावर मागवायला लागला.

अशात शाळेत झुंबरबाई गेली. म्हातारी ओल्या कपड्यांनी आली होती, छातीत कफ भरला, सकाळी उठलीच नाही. झुंबरबाई सुकदेवची सख्खी मावशी. त्याची आई वारली तेव्हा हिनंच त्याला पारोळ्याहून उचलून आणलं, कळण्याची भाकरी चारून वाढवलं. पोटची एकच मुलगी, कोकिळा. तिच्या ताटातली अर्धी भाकरीही त्याच्याच ताटात जायची. मुलगा नव्हता, म्हणून मडकं सुकदेवच धरणार असं सगळं गाव धरून चाललं होतं. तो आला, लांबूनच हात जोडले आणि "सेवेत आहे" म्हणून पुलावर परत गेला. मग मडकं कोकिळानंच घेतलं.

स्मशान नाल्यापलीकडे. संध्याकाळी धरणातून पाणी सोडणार होते, ते आलं की स्मशान बुडणार. म्हणजे म्हातारीला उजेडातच न्यायला हवं होतं. नाहीतर वर्गात, जिथं लेकरं झोपत होती, तिथंच तिला ठेवायची वेळ. तिरडीला शेजारचे वनाआबा आणि ललित, दुकानवाले हीरालाल शेठ आणि मी असे चार खांदे लागले. पुढं विस्तव घेऊन कोकिळा.

पुलावर सुकदेवनं दोरी काही सोडली नाही. बोट दाखवत मोजलं आणि म्हणाला, "पाच व्यक्ती आहेत. अनुमती नाही."

वनाआबांना आधी वाटलं, चेष्टा करतोय. तिरडीला चार आणि मडक्याला एक, हे बापजाद्यांपासून असंच आहे, असं त्यांनी सांगून पाहिलं. अंत्ययात्रेला सगळीकडे सूट असते, असं हीरालाल शेठ म्हणाले. तशी लेखी सूचना आपल्याला नाही, असं उत्तर आलं. एकजण मागून वेगळा येतो म्हटलं, तर म्हणाला, पलीकडे गेल्यावर पुन्हा पाच होतील. शाळेत कधी एवढं गणित केलं असतं, तर मावशीला केवढा आनंद झाला असता!

शेवटी त्यानं तालुक्याला फोन लावला. साहेबाचं उत्तर स्पीकरवर आम्हीही ऐकलं: आपल्या स्तरावर निर्णय घ्या. एवढी मोठी यंत्रणा, एवढे अधिकार, आणि एका म्हातारीला जाळायचं की नाही हे ठरायचं होतं सुकदेवच्या स्तरावर. तो स्तर आम्हाला लहानपणापासून ठाऊक होता.

खांदे भरून आले होते, सूर्य खाली चालला होता. कोकिळा पुढं झाली. तिला उपाय सापडला होता, आणि तो साधा होता.

"भाऊ, तू तर ड्युटीवर शे. तू मोजणीमा येस नई. एक खांदा तू दे. तुनीबी माय व्हती ती."

काय अडचण होती? एकानं बाजूला व्हायचं, यानं बांबूखाली खांदा घालायचा. आकडा चारच राहिला असता, साहेबही खूश, म्हातारीही मार्गी. पण खांदा दिला की आंघोळ आली, सुतक आलं, सुतकात पुलावर उभं राहता आलं नसतं. जॅकेट दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर गेलं असतं. हा सगळा हिशेब त्याच्या तोंडावर आम्हाला दिसला. त्यानं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि बहिणीला छापील मराठीत म्हणाला, "मी कर्तव्यावर आहे."

कोकिळानं पुन्हा विनवणी केली नाही. हीरालाल शेठना तिनं घरी जायला सांगितलं. पुढं वनाआबा आणि ललित लागले. मागचे दोन्ही बांबू मी एकट्यानं हातात धरले, हातगाडी ढकलतात तसे. तिरडी मागं कलली, म्हातारीचे पाय माझ्या पोटाला लागत होते. सुकदेवनं पुन्हा मोजलं. आकडा जमला. त्यानं दोरी सोडली, अगदी अदबीनं, वर उचलून धरली.

विस्तव दिला आणि धरणाचं पाणी यायच्या आत आम्ही परतलो. पुलावर तो उभाच होता. सगळं नीट झालं ना, असं त्यानं विचारलं.

"झालं," कोकिळा म्हणाली. "माय तीन जणसवर गई. चौथा खांदा तुना व्हता."

सुकदेवनं नदीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, आता रडेल. त्यानं खिशातून फोन काढला, घसा साफ केला आणि तालुक्याला कळवलं की अंत्यविधी शांततेत पार पडला, उपस्थिती चार.