डोसबाईंचं बोट

डोसबाई नमस्काराच्या आधी ‘आ करा’ म्हणायच्या. पेशंटला म्हणायच्या ते ठीक, पण सोबत आलेल्या नातेवाइकालाही सवयीने म्हणून जायच्या, आणि तो बिचारा दवाखान्यात आलोय म्हणजे उघडायचंच असतं, अशा समजुतीने तोंड उघडायचा. एकदा तर चहा घेऊन आलेल्या माणसालाच म्हणाल्या. त्याच्या तोंडात पान होतं, तो ओशाळून बाहेर पळाला. नवीन लागलेले लोक यावर खूप हसायचे. ही सवय बाईंना कशी लागली हे मला माहीत होतं, म्हणून मला त्या हसणाऱ्यांचा राग यायचा.

बेलापूरच्या डोंगराच्या कडेला एका ट्रस्टचं लहानसं हॉस्पिटल होतं. ऐंशीच्या दशकात तिथे कॅन्सरच्या गाठींना किरण द्यायचं कोबाल्टचं मशीन आलं आणि मी त्यावर टेक्निशियन म्हणून लागलो. गाठीला एकूण किती किरण द्यायचे ते डॉक्टर ठरवायचे. ते कुठल्या बाजूने, किती मिनिटं द्यायचे, म्हणजे डोस, त्याचं गणित बाईंचं. आणि बटण दाबायचं काम माझं. बाईंच्या खोलीवरच्या पाटीवर कांबळे हे आडनाव होतं. ते कुणी वाचत नसे. महाडकडच्या एका खेड्यातून शिकून फिजिसिस्ट झालेली ही बाई शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची डोसबाईच होती.

आता हे सगळं कॉम्प्युटर करतो म्हणतात. तेव्हा बाई करायच्या. शिशाची मऊ तार पेशंटच्या जबड्याभोवती वळवून तिचा आकार कागदावर उतरवायचा, त्यात गाठ काढायची, आणि वर पारदर्शक कागदावरच्या किरणांच्या रेषा ठेवायच्या. कापलेल्या कांद्यात दिसतात तशा त्या रेषा एकात एक असायच्या. मणक्यातल्या मज्जारज्जूवर बाई लाल पेन्सिलीचा ठिपका द्यायच्या. तिथे डोस जास्त गेला तर माणूस पुढे लुळा पडू शकतो. लाळेच्या ग्रंथींचीही त्यांना फार काळजी. “थुंकी वाळली की भाकरी घशाखाली उतरत नाही,” म्हणायच्या. पेशंट भाकरी खातो की भात, हे त्या आधी विचारायच्या आणि मग गणिताला बसायच्या.

कोबाल्टची ताकद हळूहळू कमी होत जाते, त्यामुळे ठरावीक काळाने मिनिटं वाढवावी लागतात. बाई नवा तक्ता आणून माझ्यासमोर ठेवायच्या आणि म्हणायच्या, “म्हातारा होतोय आपला कोबाल्ट. त्याला थोडा वेळ द्या.” मी म्हणायचो, “बाई, मलापण द्या, बाहेर लाइन बघा किती हाय.” त्यावर त्या चष्म्यावरून अशा बघायच्या की मी गप मशीनकडे वळायचो.

डोक्यामानेच्या पेशंटचं सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे मुखवटा. किरण चालू असताना डोकं हलता कामा नये, म्हणून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या चेहऱ्यावर बसवून त्याचा साचा करायचा. नाकातोंडाला भोकं ठेवायची, किरणांच्या सीमा त्याच्यावरच रंगवायच्या आणि रोज तो चढवून टेबलाला आवळायचा. हे मुखवटे बाईंच्या खोलीत भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. प्रत्येक पेशंटला शेजारी-शेजारी दोन खिळे. कारण उपचारात माणूस खंगतो आणि पहिला मुखवटा सैल होतो. बाई रोज मुखवट्याच्या कडेतून गालापाशी बोट सरकवून बघायच्या. “बोट मावलं की माझं गणित खोटं,” हे त्यांचं वाक्य ठरलेलं. मग दोन-चार दिवस उपचार थांबायचे, नवा मुखवटा, नवी तार, नवी मिनिटं. डॉक्टर वैतागायचे, मी वैतागायचो. बाई बधायच्या नाहीत.

त्या खोलीत एकटं थांबायला मी टाळायचो. बारा गावचे चेहरे डोळे मिटून भिंतीवर बसलेले असायचे. त्यातले काही बरे होऊन घरी गेलेले, काही नुसतेच गेलेले. कोण कुठला हे बाईंना विचारावं लागत नसे.

हिराबाई करावे गावातली. खाडीची कोलंबी टोपलीत घेऊन दारोदार फिरणारी, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली गिऱ्हाइकं भांडं घेऊन उभी राहावीत. वर्षानुवर्षं मिश्री लावून गालात गाठ झाली होती. पण तोंड चालूच. पहिल्या दिवशी मुखवटा घालताना मला म्हणाली, “दादा, गनपती बनवतंस का माजा?” बाई कधी नव्हे त्या मोठ्याने हसल्या. दोघींचं तिथेच जमलं. हिराबाई ‘बाय’ म्हणायची, आणि आमच्या डोसबाई, ज्यांना डॉक्टरही टरकून असायचे, त्या तिच्यापुढे धाकट्या बहिणीसारख्या वागायच्या.

पुढे हिराबाईचं अंग उतरायला लागलं. चोळीच्या बाह्या ढिल्या झाल्या, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. पण बाईंचं बोट काही आत जाईना. मुखवटा घट्टच. बाई म्हणाल्या, “गालाची सूज अजून आहे, म्हणून.” त्यांनी बोटावर विश्वास ठेवला. मीही मनात म्हटलं, बरं झालं, लाइन पुढे सरकेल. उपचार ठरल्याप्रमाणे पुरे झाले, गाठ विरघळली, आणि हिराबाई आपल्या मुलीच्या, चंद्राच्या हळदीला वेळेत घरी पोचली.

लग्नानंतर ती तपासणीला आली तेव्हा बाईंसाठी केळीच्या पानात कोलंबी बांधून आणली होती. गाल बसला होता, चेहरा कसा हलका दिसत होता. टेबलावर पुडकं ठेवून ती म्हणाली, “बाय, तुज्या बोटाला मी फसवला गो!”

“म्हणजे?”

“रोज गालान फडक्याचा बोला कोंबून यायची. मुखवटा ढिला झालेला तं मला कवाच कळलेला. पन तू नवीन बनवाला बसली असतीस, आनि माज्या पोरीची हलद जवल आलेली. मंग काय करू?” आणि ती गदगदा हसली.

बाईही हसल्या. मी समोर होतो. त्या तिच्याबरोबर अगदी शेवटपर्यंत हसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “लबाड आहेस.” हिराबाई गेल्यावर त्यांनी तिचा कागद काढला. गालात बोळा असेल तर डोकं मुखवट्यात दुसऱ्या बाजूला कलतं. थोडंसंच, पण कलतं. त्यांनी तो आकार तेवढा सरकवून वर रेषा पुन्हा ठेवल्या, आणि पेन्सिलीने गाठीची एक कड दाखवली. ती कड किरणांच्या सीमेबाहेर होती.

डॉक्टर म्हणाले, “मॅडम, टेन्शन घेऊ नका. गाठ गेलीय ना? उरलं असेल ते काठावरच्या डोसानेही मेलं असेल.”

“असेल,” बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून ‘आ करा’ सुरू झालं. आणि त्या दिवसापासून हिराबाई यायची असली की बाई सकाळपासून जेवत नसत. ती आली की गप्पा मारता मारता तिच्या जबड्याखाली, त्याच एका जागी, बोट दाबून बघायच्या. हिराबाईला वाटायचं, बाय लाड करते. काही महिने तिथे काहीच लागलं नाही. मला वाटलं, सुटलो. बाईंना तसं कधीच वाटलं नसावं.

मग एक दिवस त्यांचं बोट तिथे थांबलं.

डॉक्टरांनी समजावलं की हा आजार सगळं नीट करूनही परत येतो. मीही तेच म्हटलं. बाई म्हणाल्या, “येतो, मला ठाऊक आहे. पण कुठे आला ते बघा.” शेजारचा भाग आधीच किरण खाऊन बसल्यामुळे त्या जागेला पुन्हा पुरेसा डोस देता येण्यासारखा नव्हता.

शेवटच्या खेपेला हिराबाईला बोलायला त्रास होत होता. तिने बाईंचा हात धरून विचारलं, “बाय, माजा काय चुकला का गो?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “आमचा कोबाल्टच म्हातारा झालाय.”

बाईंनी आयुष्यात सांगितलेलं हे एकच खोटं असावं. माझ्या मते ते त्यांच्या सगळ्या गणितांपेक्षा मोठं होतं. पण त्यांना स्वतःला त्याने काही आराम पडला नाही.

पावसाळा संपत आला तेव्हा चंद्रा आली. कडेवर तान्हं मूल होतं. म्हणाली, “आयचा फोटूच नाय. म्हंजी हलदीचे हायेत, पन सगल्यान तिनी तोंडावर पदर धरलाय. तुमच्याकडं तिचं तोंड हाय ना? तं द्याल?”

बाई उठल्या, खिळ्यावरून मुखवटा काढला, पदराने त्याची धूळ पुसली आणि दोन्ही हातांनी तिला दिला. चंद्राने तो उजेडात धरला.

“यात गाल सुजलेला हाय,” ती म्हणाली. “आय नंतर किती बरी दिसाला लागलेली. हलदीला तं केवडी बरी दिसत व्हती. तवाचा नाय का?” तिने भिंतीकडे बघितलं. शेजारचा खिळा रिकामा होता.

“नाही,” बाई म्हणाल्या. “तेव्हाचा करायचा राहिला.”

चंद्राने मुखवटा पदरात गुंडाळला आणि बाईंच्या पाया पडली. बाईंनी पाय मागे घेतले.

त्यानंतर बाई काही वर्षं होत्या. जाण्याआधी त्यांनी भिंतीवरचे सगळे जुने मुखवटे स्वतः उतरवून फोडले, निरोप समारंभाला नाही म्हणाल्या आणि महाडची एसटी पकडली. पुन्हा भेट झाली नाही, आणि आता होणारही नाही. त्यांच्या जागी आलेला पोरगा हुशार होता. पहिल्याच आठवड्यात त्याने भिंत भरून टाकली. जागा कमी पडायला लागली तेव्हा हिराबाईच्या खिळ्यांकडे बोट दाखवून मला म्हणाला, “हे दोन खिळे मोकळेच हायेत की. इथे टांगू?”

“एकावर टांगा,” मी म्हटलं. “दुसऱ्यावर नको. तिथला मुखवटा करायचा राहिलाय.”