गाऊन दाखव

अधिकाऱ्याने माझ्या आईचा आवाज मोठा केला. सामान घेऊन जाणारी माणसं वळून पाहू लागली.

मुंबईचा विमानतळ, कस्टमचा काउंटर. मस्कतला एका घरात आजारी म्हातारीची सेवा करून मी माझ्या गावी, दुसरबीडला परत निघाले होते. बॅग उचकून झाली होती. मग मोबाईल मागितला, पासवर्ड मागितला. मी दिला. कशाला, हे विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती.

त्याने फोटो पाहिले. माझा मोकळ्या केसांचा एक फोटो शेजारच्या सहकाऱ्याला दाखवला. मग मेमरी कार्डातली गाणी उघडली.

आमच्याकडे कार्ड मोबाईलच्या दुकानात भरून घेतात. दुकानदार सगळं एकाच फोल्डरात टाकतो आणि प्रत्येक फाईलला दुकानाचं नाव लावतो. भाद्रपद-आश्विनात आमच्याकडे पोरी भुलाबाई मांडून गाणी म्हणतात, मग झाकलेला खाऊ ओळखतात. आईने म्हटलेली ती गाणी मी जुन्या, आता बंद पडलेल्या मोबाईलवरून त्याच्याकडूनच कार्डात घेतली होती. ती सिनेमाच्या गाण्यांत जाऊन बसली, दुकानाच्या नावासकट. मी मस्कतला असताना आई गेली. तिचा आवाज या कार्डाखेरीज कुठेच नव्हता.

"दुकानातून भरलेला चोरीचा माल आहे हा. बिल दाखव."

"थे माह्या मायचं गाणं हाये, साहेब. भुलाबाईचं."

गाणं संपलं. रेकॉर्डिंगमध्ये आई गल्लीतल्या पोरींना झाकलेला खाऊ ओळखायला लावत होती. "ओयखा बरं, गोड का तिखट?" काउंटरवरचे सगळे हसले.

"तुझ्या घरचं आहे ना? मग गाऊन दाखव. नाहीतर डिलीट कर."

मी गायले. उघड्या बॅगेतून माझे आतले कपडे बाहेर लोंबत होते आणि मी भुलाबाईचं गाणं म्हणत होते. दुसऱ्या कडव्याला दिसलं, शेजारच्याने मोबाईल माझ्यावर धरला होता. शूटिंग चालू होतं.

मला किळस आली. गाणं चोरीचं आहे का, हे तपासणारी माणसं मला न विचारता माझं गाणं घेत होती.

मी थांबले.

"काय झालं? म्हण की पुढे."

"नाही म्हणत. पयले तुमच्या मोबाईलातून मले काढा. मंग माह्या कार्डाचं बोला."

हसणं थांबलं. कार्ड जप्त करतो, अधिकारी म्हणाला. करा म्हटलं, पण कोणत्या कायद्यानं ते लिहून द्या, खाली सही करा. कुणी पेनाला हात लावला नाही. मागे रांग वाढत होती. त्याने कार्ड काढून माझ्याकडे फेकलं. ते फरशीवर पडलं. मी वाकून उचललं.

व्हिडिओ त्यांनी पुसला नाही. कुठल्या तरी ग्रुपवर मी अजून गात असेन आणि कुणी तरी हसत असेल. ती किळस अंगावरून जात नाही. ती जावी असं मला वाटतही नाही.

मी मस्कतला पुन्हा जाणार आहे. परतताना तोच काउंटर असेल. मोबाईल मागितला तर आधी कायदा विचारीन, मग उघडीन. गाण्यासाठी तोंड उघडणार नाही. माझी आई माझी होती, हे मी कुणालाही गाऊन दाखवणार नाही.