दोनशे कप्प्यांची आत्या

माझी आत्या चष्मे विकते. दुकानात बसून नव्हे, गाडीतून. पांढरी व्हॅन आहे तिची. मागच्या बाजूला डोळे तपासायचं यंत्र, भिंतीला लहान-मोठ्या अक्षरांचा तक्ता आणि लाकडी खणांत तीनशे फ्रेमी. सोमवार ते शुक्रवार ती खिंडीपलीकडच्या खेड्यांत फिरते. तिथं तिला सगळे ‘चष्मेवाली’ म्हणतात. ज्यांना वर्षानुवर्षं सुईत दोरा ओवता येत नव्हता, अशी माणसं तिची गाडी दिसली की रस्त्यावर येऊन उभी राहतात.

पण आत्याची खरी ओळख करून घ्यायची, तर चष्म्यांकडे नाही, तिच्या स्टिअरिंगच्या उजव्या हाताला बसवलेल्या काळ्या डब्याकडे बघायला हवं.

त्या डोंगरात मोबाइल लागत नाही. एकदा गाडीचा अ‍ॅक्सल तुटून आत्या दोन दिवस एका दरीत अडकली. इकडे आत्याच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ती परत आली तेव्हा काका दारात नुसते बसून राहिले. ते बसणं आत्याच्या फार मनाला लागलं. तिनं शेहेचाळिसाव्या वर्षी पुस्तकं आणली आणि हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाल्यांची, परीक्षा दिली. पास झाली, परवाना आला, पण रेडिओ कुठाय? तो दिला तिच्या एका गिऱ्हाइकानं. जहाजावर बिनतारी यंत्रं सांभाळून निवृत्त झालेले म्हातारे गृहस्थ होते. नवा चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी खिडकीबाहेरच्या झाडाची पानं बघितली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाले, “तू मला दिसायला लावलंस. आता मी तुला ऐकायला लावतो.” आणि गाडीत बसवायचा आपला जुना सेट तिच्या हातात ठेवला.

त्या सेटच्या स्मरणात दोनशे चॅनेलं मावत. आत्या त्यांना ‘कप्पे’ म्हणायची. एकेका कप्प्यात चार गोष्टी: कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं, सोबत कुठला बारीक सूर पाठवायचा, आणि सहा अक्षरांत मावेल असं नाव. तो सूर कानाला ऐकू येत नाही, पण समोरच्या यंत्राचं कुलूप त्यानंच उघडतं. म्हाताऱ्यांनी एकशे एकतीस कप्पे भरून ठेवले होते आणि नाव एकालाही दिलं नव्हतं. सगळं त्यांच्या डोक्यात. आत्यानं फोन करून विचारलं, तर म्हणाले, “सत्तेचाळीस? सत्तेचाळीस म्हणजे... बहुतेक एका बंदराचं असेल. की ते त्र्याहत्तर?”

झालं! आत्याला चेव आला. अख्खा हिवाळा तिनं एकेक कप्पा उघडून, कान लावून काढला. कुठल्या डोंगरावरचं यंत्र बोलतंय, कुठलं मेलंय, कुठल्याचा सूर बदललाय, सगळं वहीत. काका वैतागले. “घरातल्या डब्यांवर कधी चिठ्ठी लावली नाहीस,” ते म्हणाले, “काल मी मीठ समजून भाजीत साखर घातली. आणि तिकडे हवेतल्या डब्यांना नावं ठेवतेयस!”

“हवेतले डबे चाखून बघता येत नाहीत हो,” आत्या म्हणाली.

नावंही कशी ठेवली होती! डोंगरमाथ्यावरची ही यंत्रं, म्हणजे रिपीटर, एका फ्रिक्वेन्सीवर आपलं बोलणं ऐकतात आणि दुसरीवर तेच मोठ्यानं परत सांगतात, म्हणून दोन दऱ्यांतली माणसं एकमेकांशी बोलू शकतात. त्यातला एक रिपीटर तीन मिनिटांच्या वर बोललं की मध्येच तोडायचा. त्याचं नाव ‘सासू’. दुसरा लांबून छान ऐकू यायचा, पण गरजेला कधी उत्तर द्यायचा नाही. तो ‘मामा’. वाटेत जी दरी आधी लागेल तिचे कप्पे आधी, असा क्रम लावला. आणि प्रत्येक रिपीटरच्या पुढच्याच कप्प्यात तोच रिपीटर उलटा भरून ठेवला. म्हणजे रिपीटर जिथं ऐकतो तिथं आपण ऐकायचं, आणि तो जिथं बोलतो तिथं आपण बोलायचं.

आमच्या गावातल्या रेडिओ क्लबचे प्रमुख म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सभेत त्यांनी आत्याची वही चाळली आणि हसले. “बाई, गाडी चालवायची की कप्पे मोजायचे? एक आपला रिपीटर, एक शेजारचा, एक रिपीटरशिवाय थेट बोलायला. तीन पुरेत. आणि हे उलटे कशाला? उलटं कोण बोलतं?”

“मास्तर, तुम्ही घराला एकच दार ठेवता का?”

“ठेवतो की! चोराला सोपं नको जायला.”

सभा खो-खो हसली. आत्याही हसली, पण घरी आल्यावर तिनं आणखी बारा कप्पे भरले.

मग आली सायकल शर्यत. नव्वद किलोमीटर, खिंड चढून पलीकडे उतरायचं. फोन नाही, म्हणून निरोपानिरोपी क्लबच्या बारा गाड्यांकडे. मास्तर पलीकडच्या पायथ्याला, शेवटच्या रेषेवर. डॉक्टरीणबाई रुग्णवाहिकेसह अलीकडच्या पायथ्याला. उताराच्या चौदाव्या वळणावर एक बेकरीवाला आपली पावाची गाडी घेऊन उभा. आणि आत्या ऐन खिंडीत. तिच्या शेजारी मी. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून नकाशा माझ्या मांडीवर.

सकाळी साडेनऊला पहिली टोळी आमच्यासमोरून सूं करत गेली. धुकं इतकं दाट, की सायकली आधी ऐकू यायच्या आणि मग दिसायच्या. आत्यानं माइक उचलून सांगितलं, “खिंडीतून बावीस जण गेले.” बटण सोडलं. रोज बटण सोडल्यावर रिपीटरचा ‘खस्स्’ असा शेपटीसारखा आवाज येतो. आला नाही.

पुन्हा बोलली. पुन्हा सामसूम.

“गेला,” आत्या म्हणाली. “तीन दिवस ऊन नाही. रिपीटरच्या सौर बॅटऱ्या बसल्या असणार.”

“आता गं?”

तिनं गोल बटण एक घर पुढं फिरवलं. एकेचाळीसचं बेचाळीस. तोच रिपीटर, उलटा.

आणि सेटमधून एकदम बाजार उसळला! अकराही गाड्या मेलेल्या रिपीटरला हाका मारत होत्या. “ऐकू येतंय का?” “टेस्ट, टेस्ट!” “अरे कोणी आहे का?” बिचाऱ्यांना एकमेकांचं काहीच ऐकू येत नव्हतं, कारण सांगणारा वरचा मुका झाला होता. आम्हाला मात्र उंचीमुळे सगळे ऐकू येत होते. त्या गलक्यातून एक आवाज फाटत वर आला. बेकरीवाल्याचा. “...चौदावं वळण! सायकलवाली खाली गेलीय! मांडीतनं रक्त... रक्त थांबत नाही! कुणीतरी बोला हो!”

आत्यानं माइक दाबला. “बेकरीवाले, मी खिंडीतून बोलतेय, ऐकू येतंय?”

तो ओरडतच राहिला. तिनं दुसऱ्यांदा हाक दिली. तिसऱ्यांदा. तो आपला, “कुणीतरी बोला हो!”

“त्याला ऐकू का जात नाहीये?” मी किंचाळलेच.

आत्यानं डोळे मिटले, आणि एका क्षणात उघडले. “सूर! अगं, सूर! मागच्या महिन्यात मास्तरांनी सगळ्यांच्या सेटना सूर लावायला लावला. खरखर नको म्हणून. सूर आला तरच त्यांचे सेट तोंड उघडतात. हा कप्पा मी त्याच्या आधी भरलाय. बिनसुराचा आहे!”

बोटं थंडीनं आखडलेली. तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला. मेनू, सूर, योग्य आकडा. आता तो कप्प्यात पक्का करायचा, नाहीतर गोल बटणाला धक्का लागला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पण चुकीच्या कप्प्यावर लिहिलं की तिथलं जुनं पुसलं जातं. मागच्याच आठवड्यात तिनं असे पाच कप्पे धुऊन काढले होते. तिनं एकशे नव्व्याण्णव शोधला. रिकामा. बटण दाबून धरलं. एक, दोन... ‘टिंग!’

“सगळ्यांनी बटणं सोडा,” आत्या म्हणाली. आवाज कसा, तर तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला सांगताना असतो तसा, शांत. “डोंगरावरचं यंत्र बंद पडलंय. आता यंत्र मी आहे. तुम्ही बोलाल ते मी ऐकेन, आणि मी बोलेन ते सगळे ऐकाल. फक्त बेकरीवाले बोलतील. बोला.”

मग, “बाई! बाई, ऐकू आलात!” आणि तो माणूस चक्क रडायला लागला.

“रडणं मागाहून. काय झालंय ते सांगा.”

सायकलवाली कठड्यावरून पंधरा फूट खाली गेली होती. शुद्धीवर होती, पण मांडी फाटलेली. तो सांगायचा, आत्या तेच्या तेच शब्द पुन्हा म्हणायची, डॉक्टरीणबाई ऐकायच्या. त्या उत्तर द्यायच्या, ते आत्या पुन्हा म्हणायची, बेकरीवाला ऐकायचा. “स्वच्छ कापड.” “पावावर झाकायचं धुतलेलं आहे.” “जखमेवर ठेवा, दोन्ही हातांनी दाबा. उचलून बघू नका. मान हलवू नका.” मधला एक शब्द गळता कामा नये. आत्या बोटानं स्टिअरिंगवर ठेका धरून बोलत होती. तिचे गाल लालबुंद, कपाळावर घाम, बाहेर धुकं आणि आत जणू भट्टी!

“पोरी, उतर,” ती मला म्हणाली. “रुग्णवाहिका वर येतेय. मागची टोळी इथंच अडव. एकही सायकल उतारावर जाता कामा नये.”

मी गळ्यातला लाल रुमाल सोडला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. धुक्यातून सायकली यायला लागल्या. मी वर्गात ओरडते त्याच्या दुप्पट ओरडले. एक-दोघांनी शिव्या घातल्या, पण थांबले. अठरा जण थांबले. मग भोंगा ऐकू आला, आणि रुग्णवाहिका आमच्या मधून पलीकडे उतरली. अठराच्या अठरा सायकलवाल्यांनी सायकली उचलून डोक्यावर धरल्या होत्या, तिला वाट मोठी मिळावी म्हणून.

आत्या एक तास चाळीस मिनिटं यंत्र होती. बॅटरी बसू नये म्हणून गाडीचं इंजिन चालू. सेट इतका तापला, की तिनं मध्येच ताकद निम्म्यावर आणली आणि काच खाली करून त्याला वारा दिला. मास्तरांचा आवाज लांबून, हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा, तरी तिनं त्यांचाही एकेक निरोप पोचवला. मी पाणी पुढं केलं, तर तिनं मानेनं नको म्हटलं; पिण्यात चार सेकंद जातील. शेवटी डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “रक्त थांबलंय. गाडीत घेतलंय. बेकरीवाल्यांनी कापड अजिबात सोडलं नाही, म्हणून आहे ही पोरगी. सांगा त्यांना.”

आत्यानं सांगितलं. “रक्त थां...” आणि तिचा घसाच गेला. उरलेलं वाक्य मी माइक हिसकावून पुरं केलं. माझ्याकडे परवाना नव्हता, पण परवानाधारक बाई शेजारी बसून खदाखदा हसत होती आणि डोळे पुसत होती, तेव्हा चालून गेलं.

दुपारी मास्तर स्वतः गाडी काढून खिंडीत आले. टोपी काढून उभे राहिले. “बाई,” ते म्हणाले, “वही द्या.”

आत्या घोगऱ्या आवाजात कुजबुजली, “आधी तुमचा सेट दाखवा. तीन कप्पे म्हणालात ना, तिसऱ्यात काय आहे?”

मास्तरांनी दाखवला. तिसरा रिकामा होता. थेट बोलायचं चॅनेल भरायचंच राहून गेलेलं. दोघं रस्त्यात उभं राहून पोट धरधरून हसले.

पुढच्या रविवारी आत्याच्या घरासमोर अकरा गाड्या रांगेत लागल्या. शेजाऱ्यांना वाटलं लग्न आहे. काका किटली घेऊन गाडीगाडीला चहा देत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “आमची ही. हो, हीच ती.” आत्या एकेका गाडीत शिरायची, कप्पे भरायची, उलटा कप्पा सूर लावून भरायची, आणि मालकाकडून तीनदा बटण फिरवून घेतल्याशिवाय उतरायची नाही. बेकरीवाल्याला पाचदा फिरवायला लावलं. तो म्हणाला, “बाई, आता झोपेतही सापडेल.” “झोपेत नको,” ती म्हणाली, “घाबरलेला असताना सापडायला हवं.”

सगळं झाल्यावर ती आपल्या व्हॅनमध्ये जाऊन बसली, माइक उचलला आणि उलट्या कप्प्यावरून पहिल्या गाडीला हाक दिली. उत्तर आलं. दुसरीचं आलं. नवव्या गाडीचं येईना, तर आत्या दार उघडून तिकडे पळाली, आत डोकं घातलं, काहीतरी दाबलं आणि तशीच पळत परत आली. बावन्न वर्षांची बाई, चपला हातात! अकरावीचं उत्तर आलं तेव्हा तिनं गाडीचा हॉर्न दाबला तो दाबलाच, आणि मग अकराही गाड्यांनी.